गुराबेची लांबी

हिंगण्याहून कोणत्याही दिशेने निघाले तरी समुद्र पाचशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. पाणी म्हणून आमच्याकडे वेणा नदी आहे, ती पावसाळ्यात नदीसारखी दिसते. आणि नागपूरच्या वाटेवर अंबाझरीचा भोसलेकालीन तलाव आहे. या तलावात एनसीसीच्या नौदल तुकडीची मुले वल्ही मारण्याचा सराव करतात. बाहेरगावच्या पाहुण्याला हे सांगितले की तो हसतो. नागपूरला नौदलाचे काय काम, असा त्या हसण्याचा अर्थ असतो. पण या तुकड्यांच्या अखिल भारतीय शिबिरात जहाजांच्या प्रतिकृतींची रीतसर स्पर्धा होते, काही प्रतिकृती मांडून ठेवण्याच्या आणि काही पाण्यावर चालवून दाखवण्याच्या. त्यामुळे या कोरड्या मुलखातही एखाद्या घराच्या गच्चीवर युद्धनौकेचा सांगाडा वाळत ठेवलेला दिसू शकतो.

आमच्या गल्लीत असे एक घर आहे. घरमालक एमआयडीसीतल्या एका कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झाले. त्यांचे वडील तान्ह्या पोळ्यासाठी लाकडी बैल घडवीत. हात वडिलांचा आणि डोळा फिटरचा, असा हा दुर्मीळ संयोग. मुलगा एनसीसीत होता तेव्हा त्याच्यासाठी त्यांनी पहिली युद्धनौका केली, ती 'आयएनएस निलगिरी'. मुलगा नोकरीला लागून गेला, पण वडिलांचा नाद राहिला. पुढे एका शाळेने शिवजयंतीसाठी त्यांच्याकडे 'महाराजांचे जहाज' मागितले आणि ते माझ्या दारी आले. "सर, तुम्ही बखरी शिकवता म्हणे. मंग सांगा ना, गुराबेची लांबी किती घ्याची?"

वीस वर्षांहून अधिक काळ मी सभासदाची बखर शिकवतो आहे. मला उत्तर देता आले नाही.

कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ मध्ये जिंजीला राजाराम महाराजांसाठी बखर लिहिली, हे साहित्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते. आरमाराच्या वर्णनात तो जहाजांचे प्रकार मोजून दाखवतो: गुराबा, तरांडी, तारवे, गलबते, शिबाडे, पगार. वर्गात हा भाग आला की आपण शब्दांची व्युत्पत्ती सांगतो. गुराब हा शब्द अरबीतला, मूळ अर्थ कावळा; गलबताचा इंग्रजांनी केलेला उच्चार गॅलिव्हॅट. विद्यार्थी लिहून घेतात आणि आपण पुढे सरकतो. नावांची ही माळ कानाला भरगच्च लागते, म्हणून तिच्यात काय नाही हे ध्यानात येत नाही. माप नाही, डोलकाठ्यांची संख्या नाही, तोफा कुठे बसवल्या ते नाही. सभासदाला यासाठी दोष देता येणार नाही. त्याच्या श्रोत्यांपैकी ज्यांना समुद्र ठाऊक होता त्यांना गुराब म्हणजे काय हे सांगण्याची गरज नव्हती आणि ज्यांना ठाऊक नव्हता त्यांना राज्याचा विस्तार कळला की पुरे होते. लिहिणाऱ्याला 'गुराब' एवढा शब्द लिहून पुढे जाता येते. प्रतिकृती करणाऱ्याला तसे पुढे जाता येत नाही. त्याला पहिली फळी कापण्यापूर्वी आकडा लागतो.

आज्ञापत्राकडे वळलो. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे असलेल्या, १७१५ च्या सुमाराच्या या ग्रंथात आरमाराचे स्वतंत्र प्रकरण आहे आणि मराठी गद्यात त्या विषयावर इतके समजूतदार लिखाण नंतरही फारसे झालेले नाही. जहाजे फार थोर नकोत, फार लहानही नकोत, मध्यम असावीत. पाच गुराबा आणि पंधरा गलबते मिळून एक सुभा करावा. पावसाळ्यात आरमार कुठे आणि कसे छावणीला ठेवावे. लाकूड कुठले तोडावे आणि कुठले तोडू नये. आंबे-फणसांची झाडे जहाजाला उपयोगी असली तरी रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, म्हणून त्यांना हात लावू नये, जीर्ण झाड असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावे, ही सूचना याच प्रकरणातली. पर्यावरण दिनाच्या भाषणांत ती हल्ली वारंवार ऐकू येते. पण ती मुळात जहाजबांधणीची सूचना आहे हे वक्त्यांना बहुधा माहीत नसते. असो. आज्ञापत्र धोरण सांगते. 'मध्यम' म्हणजे किती हात, हे सांगणे त्याचे काम नव्हे.

शेवटी आकडा मिळाला तो शत्रूच्या कागदात. रॉबर्ट ऑर्म याच्या इंग्रजांच्या हिंदुस्थानातील लष्करी हालचालींच्या इतिहासाचा पहिला खंड १७६३ साली निघाला. त्यात आंग्र्यांच्या गुराबांचे वर्णन आहे आणि ते एखाद्या फिटरने लिहावे तसे आहे. गुराबेला बहुधा दोनच डोलकाठ्या, क्वचित तीन. तीन काठ्यांची गुराब सुमारे ३०० टनांची, दोन काठ्यांची १५० टनांहून अधिक नाही. पाण्यात ती फार खोल बसत नाही. लांबीच्या मानाने बरीच रुंद, पण मध्यापासून पुढे निमुळती होत गेलेली. आणि पुढच्या टोकाला युरोपीय जहाजासारखी फुगीर छाती नसून भूमध्य समुद्रातल्या गॅलीसारखी लांब पुढे झुकलेली नाळ. नाळेच्या मागे पुढच्या बाजूस तोंड करून नऊ किंवा बारा पौंडी गोळ्याच्या दोन तोफा, दोन्ही बाजूंना त्याहून लहान तोफा. गलबत त्याच घडणीचे पण लहान, फार तर ७० टनांचे; मुख्य काठीवर एक मोठे तिकोनी शीड आणि चाळीस-पन्नास वल्ही. वारा पडला की ही गलबते गुराबांना दोराने ओढत शत्रूच्या पाठीशी नेत आणि गुराबा तिथून नाळेवरच्या तोफा डागत.

फिटरकाकांना हे वाचून दाखवले तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हंजे कॅलेंडरवरचं जहाज सारं खोटं हाये जी."

त्यांचे म्हणणे खरे आहे. आपल्याकडच्या शिवजयंतीच्या फलकांवर, कादंबऱ्यांच्या मुखपृष्ठांवर आणि शाळांच्या देखाव्यांत मराठ्यांचे म्हणून जे जहाज दिसते ते जवळजवळ नेहमी स्पॅनिश किंवा इंग्रज गॅलियन असते: उंच मागचा मनोरा, तीन काठ्या, चौकोनी शिडांच्या तीन-तीन ओळी, आणि वर भगवा. म्हणजे ज्यांच्याशी हे आरमार लढले त्यांचेच जहाज आपण त्याच्या हाती दिले आहे. आंग्र्यांच्या आरमाराचे कसब नेमके याच्या उलट गोष्टीत होते. उथळ खाडीत शिरता यावे, वारा नसताना वल्ह्यांवर चालता यावे, जड तोफांच्या जहाजाच्या बाजूला कधी येऊच नये. मोठे जहाज काढले की वैभव दिसते, पण युक्ती पुसली जाते. ऐतिहासिक कादंबरीतली आरमारी प्रकरणे वाचतानाही हाच अनुभव येतो. लाटा, वादळ, गर्जना सारे असते; जहाज कोणत्या बाजूने जवळ आले आणि का, ते नसते.

आता लांबी. ऑर्म वजन सांगतो, लांबी सांगत नाही. पण त्या काळी इंग्रजांत जहाजाचे टन मोजण्याची एक ठोकळ रीत होती. फुटांतल्या लांबीतून रुंदीचा तीन पंचमांश वजा करायचा, उरलेल्याला रुंदीने आणि पुन्हा रुंदीच्या निम्म्याने गुणायचे आणि ९४ ने भागायचे. ऑर्मचे टन याच रीतीचे आहेत असे धरले, आणि 'बरीच रुंद' म्हणजे लांबी रुंदीच्या तिप्पट असे धरले, तर १५० टनांच्या गुराबेची रुंदी पावणेतेवीस फुटांच्या आसपास आणि लांबी ६८ फूट येते. दोन्ही गृहीतके आमची आहेत, हे इथे नमूद करायला हवे. चौपट धरली तर जहाज लांबट होईल. ४८ पट लहान प्रतिकृती करायची तर सतरा इंच लांब आणि पावणेसहा इंच रुंद. तुलनेसाठी पाहा: मुंबईत बांधलेली इंग्रज नौदलाची 'ट्रिंकोमाली' ही फ्रिगेट सुमारे १५० फूट लांब आणि ४० फूट रुंद आहे. तीच पट घेतली तर ती तीन फुटांहून लांब होते. शाळेच्या टेबलावर दोन्ही शेजारी ठेवल्या तर मुलांना एका दृष्टिक्षेपात जे कळेल ते आमच्या परीक्षेच्या दहा उत्तरपत्रिकांत नसते.

४८ पटीचे हे प्रमाण मनाने निवडलेले नाही. सतराव्या शतकाच्या मध्यापासून इंग्लंडात राजाच्या नौदलाच्या जहाजांच्या प्रतिकृती होऊ लागल्या. एका फुटाला पाव इंच, म्हणजे ४८ पट, हे त्यांचे रूढ प्रमाण. त्यांची एक लकब अशी की खालच्या अंगाला फळ्या न बसवता बरगड्या उघड्या ठेवीत, म्हणजे पाहणाऱ्याला घडण दिसावी. नौदल खात्याचा सचिव आणि प्रसिद्ध रोजनिशीकार सॅम्युअल पीप्स याच्या संग्रहीही अशा प्रतिकृती होत्या. ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात आज त्या काचेआड आहेत आणि सतराव्या शतकातल्या जहाजाबद्दल शंका आली तर अभ्यासक तिथे जाऊन मोजपट्टी लावू शकतो. नेपोलियनच्या युद्धांत पकडलेले फ्रेंच कैदी नॉर्मन क्रॉसच्या छावणीत जेवणातली हाडे जमवून त्यांची जहाजे कोरीत आणि विकत. तीही टिकली आहेत. राजाने जपले, कैद्याने जपले. आपल्याकडे काय झाले?

मुंबई गोदीचे वाडिया घराणे या प्रश्नाच्या मधोमध उभे आहे. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईस आले. त्यांचे वंशज जमशेटजी बमनजी यांनी इंग्रज नौदलासाठी सागवानी युद्धनौका बांधल्या. त्यांपैकी 'ट्रिंकोमाली'ची कथा मला फार बोलकी वाटते. तिचे आराखडे लंडनहून ज्या 'जावा' नौकेवर रवाना झाले ती १८१२ च्या डिसेंबरात ब्राझीलच्या किनाऱ्यापाशी अमेरिकनांच्या 'कॉन्स्टिट्यूशन'ने जिंकून जाळली. आराखडे गेले. काम थांबले. मग लंडनहून दुसरी नक्कल आली, १८१६ मध्ये कणा बसला आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी जहाज पाण्यात उतरले. आजही ते इंग्लंडात हार्टलपूलला तरंगते आहे. कागद हरवला तर काम अडते, पण दुसरा कागद येतो. कोकणातल्या जहाजबांधणीला कागद लागतच नव्हता. आपला पारंपरिक सुतार नजरेने आणि हाताच्या मापाने जहाज उभे करी, बापाचे शिकून मुलगा करी. आराखडा नाही म्हणून त्याचे काम कधी अडले नाही. तो आणि त्याचे जहाज दोन्ही गेल्यावर मात्र मागे काही उरले नाही. खुद्द शिवकाळातही, १६५९ च्या सुमारास कल्याण-भिवंडीकडे जहाजे बांधायला घेतली तेव्हा पोर्तुगीज कारागीर हाताशी होते. पण तेही गेले.

आणि जहाजे जळाली. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गच्या खाडीत तुळाजी आंग्र्यांचे आरमार नांगरून पडले होते. ॲडमिरल वॉटसनचे इंग्रज जहाजांचे पथक समुद्रातून आले, क्लाइव्ह फौजेसह जमिनीवर उतरला. इंग्रज तोफेचा गोळा 'रिस्टोरेशन' या जहाजावर पडला. हे जहाज मूळचे कंपनीचेच, आंग्र्यांनी पूर्वी पकडलेले. ते पेटले, आग एकमेकांना बांधून ठेवलेल्या गुराबांवर पसरली आणि पाहता पाहता सारे आरमार संपले. पेशव्यांनी कंपनीशी १७५५ मध्येच हातमिळवणी केली होती. त्यांची फौजही विजयदुर्गवर चालून आली होती. तुळाजीचे पेशव्यांशी आणि इतर अनेकांशी असलेले वैर, त्याची किनाऱ्यावरची जबरदस्ती, हे सारे मान्य केले तरी नानासाहेबांच्या या निर्णयाचे समर्थन करणे मला जमत नाही. घरातल्या बंडखोराला वठणीवर आणण्यासाठी शेजाऱ्याला बोलावले आणि त्याने घर पेटवले. विजयदुर्ग पुढे पेशव्यांकडे आला, बाणकोट इंग्रजांकडे गेला. आनंदराव धुळपांनी विजयदुर्गाहून आरमार पुन्हा चालवले, १७८३ मध्ये इंग्रजांचे 'रेंजर' पकडले, म्हणजे कला लगेच मेली नाही, हेही सांगायला हवे. पण आंग्र्यांच्या गुराबेचा शोध घेऊ लागले की तो त्या खाडीतल्या राखेपाशी येऊन थांबतो.

नागपूरकरांना यात हात झटकून मोकळे होता येत नाही. आमच्या भोसल्यांकडे १७५१ पासून ओडिशाचा किनारा होता, बालेश्वरचे बंदर होते. अर्धशतकभर नागपूरचे राज्य समुद्राला टेकलेले होते! १८०३ च्या देवगावच्या तहाने ते सारे इंग्रजांना गेले. ज्याला आरमार म्हणता येईल असे काही त्या बावन्न वर्षांत नागपूरकरांनी उभारले नाही. आमच्या भाषेतही समुद्र आला नाही. बैल आला.

हे मी गमतीने म्हणत नाही. नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. मुले चाकांवरचे लाकडी बैल सजवून रांगेत उभी करतात. ही प्रथा दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी सुरू केली असे परंपरा सांगते. हीदेखील प्रमाणबद्ध प्रतिकृतीची कलाच आहे, आणि तिला एक जागता प्रेक्षक आहे. वशिंड चुकीच्या जागी आले तर सहा वर्षांचे पोर हसते. फिटरकाकांच्या वडिलांना त्या हसण्याचा धाक होता आणि म्हणून त्यांचा बैल बरोबर असे. गुराबेची नाळ चुकली तर हसणारे कोणी नाही. गॅलियनवर भगवा लावला तरी टाळ्याच पडतात.

रंगाचा प्रश्न वेगळ्या कारणाने अवघड गेला. आधुनिक युद्धनौकेची प्रतिकृती रंगवणारे जाणतात की खऱ्या जहाजाचा करडा रंग डबीतून तसाच लावला तर प्रतिकृती काळपट दिसते, कारण मोठे जहाज आपण दुरून, मधल्या हवेच्या पडद्यातून पाहत असतो. म्हणून रंगात थोडा पांढरा मिसळावा लागतो. 'निलगिरी'च्या वेळी काकांनी हे स्वतःच शोधून काढले होते. (ही खरी 'निलगिरी' माझगाव गोदीत ब्रिटिश 'लिअँडर' वर्गाच्या आराखड्यावर बांधली गेली आणि ३ जून १९७२ रोजी नौदलात आली. 'एअरफिक्स' कंपनीचा 'लिअँडर'चा ६०० पटीचा प्लास्टिक संच मिळत असे. काकांनी तो कधी पाहिला नाही, त्यांनी कारखान्याच्या भंगारातला पत्रा वापरला.) पहिल्या महायुद्धात तर उलटा क्रम होता. १९१७ मध्ये नॉर्मन विल्किन्सन या चित्रकाराने पाणबुडीला जहाजाची दिशा कळू नये म्हणून वेड्यावाकड्या पट्ट्यांची रंगयोजना सुचवली. लंडनच्या रॉयल अकादमीत लहान लाकडी जहाजे आधी रंगवत, पेरिस्कोपमधून निरखत, आणि डोळा फसला तरच ती योजना खऱ्या जहाजावर जाई. प्रतिकृती आधी, जहाज नंतर.

गुराबेसाठी मात्र असा काही आधार हाती नव्हता. पश्चिम किनाऱ्यावर जहाजाच्या तळाला चुना आणि तेल यांचा लेप देत, किडीपासून बचाव म्हणून. तेवढे धरून पाण्याखालचा भाग मळकट पांढरा केला. वरचे लाकूड नुसते तेल देऊन सोडले. शाळेला सोनेरी नक्षी हवी होती. काकांनी नकार दिला. त्यांचा तो नकार मला कित्येक संपादकांच्या प्रस्तावनांपेक्षा अधिक विद्वत्तेचा वाटला.

गेल्या काही वर्षांत देशात असाच एक मोठा प्रयोग झाला, तो इथे आठवतो. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात तीन डोलकाठ्यांच्या जहाजाचे चित्र आहे, पाचव्या शतकाच्या सुमाराचे. त्यावरून, लोखंडी खिळ्याऐवजी काथ्याने फळ्या शिवून, खरे जहाज बांधण्याचे काम २०२३ मध्ये गोव्यात सुरू झाले. केरळचे बाबू शंकरन हे मुख्य कारागीर. हातात आराखडा नव्हता, फक्त भिंतीवरचे चित्र. म्हणून मधल्या पायरीवर मद्रासच्या आयआयटीत प्रतिकृतीची पाण्यात चाचणी घ्यावी लागली. २१ मे २०२५ रोजी कारवारला 'कौंडिण्य' या नावाने ते नौदलात आले. ते युद्धजहाज नव्हे. पण चित्रकाराने जे गाळले ते बांधणाऱ्याला भरावे लागते आणि ते भरताना तो नेमका कुठे अंदाज करतो हे उघड होते, हे तिथेही तसेच दिसले.

आमची चाचणी काकांच्या अंगणातल्या सिमेंटच्या हौदात झाली. शिडे लावून सोडलेली गुराब पहिल्याच झुळुकीला कलंडली. मला वाटले लांबी-रुंदीचा हिशेब चुकला. काकांनी समजावले की जहाज जितके लहान करावे तितके ते सहज आडवे होते. शिडाला लागणारा वाऱ्याचा रेटा कमी होतो खरा, पण जहाजाला सरळ ठेवणारा भार त्याहून झपाट्याने कमी होतो. म्हणून हौदातल्या कलंडण्यावरून तुळाजीच्या जहाजाबद्दल काहीच सिद्ध होत नाही. त्यांनी आत नटबोल्ट भरले आणि ती सरळ उभी राहिली.

शाळेत ती गेली तेव्हा एका बाजूच्या खालच्या फळ्या त्यांनी बसवल्या नव्हत्या. पीप्सच्या काळातली ती लकब मी त्यांना सांगितली होती, पण कारण त्यांचे वेगळे होते. जिथवर ऑर्मच्या शब्दांचा आधार होता तिथवर त्यांनी लाकूड लावले. बरगड्यांची संख्या आणि जोड हे सर्वस्वी आमच्या अंदाजाचे, म्हणून ते उघडे ठेवून त्यांवर पेन्सिलीने प्रश्नचिन्हे काढली. मुख्याध्यापकांनी ती पुसायला सांगितली. काकांनी पुसली नाहीत, जहाज फिरवून ठेवले. आता ते तीन काठ्यांची, ३०० टनांची गुराब करणार आहेत. माझ्या हिशेबाने ती साडेएकवीस इंच येते. त्यांनी हिशेब स्वतः पुन्हा करून पाहतो म्हणून सांगितले आहे.